'न सापडणे' आणि 'नसणे' : तर्काधिष्ठित प्रोग्रॅमिंगमधील निषेधाचा इतिहास

प्रस्तावना

रेल्वेच्या वेळापत्रकात पहाटे तीनची गाडी दिलेली नसेल, तर तशी गाडी नाही असे प्रवासी निःशंकपणे मानतो. जन्मनोंदीच्या वहीत एखाद्याचे नाव आढळले नाही, तर तो जन्मलाच नाही असे मात्र कोणी म्हणत नाही. दोन्ही ठिकाणी घडते ते एकच : शोध घेतला आणि हाती काही लागले नाही. या 'न सापडण्या'ला 'नसण्या'चा दर्जा केव्हा द्यावा, हा प्रश्न संगणकशास्त्रात विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत ऐरणीवर आला. प्रस्तुत निबंधात त्या प्रश्नाची वाटचाल पाहावयाची आहे.

प्रश्नाचा उगम

१९६५ साली जे. ए. रॉबिन्सन यांनी 'रेझोल्यूशन' ही यांत्रिक सिद्धतेची पद्धत मांडली. तिच्या आधारे १९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे आलँ कोल्मरोएर व फिलिप रूसेल यांनी प्रोलॉग ही भाषा घडविली. तिची तात्त्विक बैठक एडिंबरो येथील रॉबर्ट कोवाल्स्की यांच्या विवेचनातून स्पष्ट झाली. प्रोलॉगमधील नियम 'अमुक अमुक खरे असेल तर तमुक खरे' या साच्याचे, म्हणजे हॉर्न विधानांचे असतात. अशा विधानांतून होकारार्थी निष्कर्ष निघतात. 'तमुक खोटे आहे' हा निष्कर्ष अभिजात तर्कशास्त्राच्या नियमांनी कधीच निघत नाही. व्यवहारात तर नकाराशिवाय पान हलत नाही. म्हणून एक सोपी युक्ती रूढ झाली : विधान सिद्ध करण्याचा प्रयत्न करावा, सर्व वाटा संपूनही ते सिद्ध झाले नाही, तर त्याचा निषेध खरा मानावा. प्रोलॉगपूर्वीच्या 'मायक्रो-प्लॅनर' भाषेतही अशी सोय होती. युक्ती चालत होती. ती का चालते, याचे समाधानकारक उत्तर मात्र नव्हते.

तुलूझची परिषद

नोव्हेंबर १९७७ मध्ये तुलूझ येथे 'तर्कशास्त्र आणि विदासंच' या विषयावर परिषद भरली. तेथील निबंधांचा संग्रह १९७८ साली गालेर आणि मिंकर यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्यातील दोन निबंध आपल्या विषयाच्या इतिहासात मूलभूत ठरले. रेमंड रायटर यांनी 'बंदिस्त विश्वा'चे गृहीतक मांडले : जे विदासंचातून सिद्ध होत नाही, ते सर्व असत्य. गृहीतकाची मर्यादाही त्यांनीच दाखविली. 'गुरुजी पुण्याला किंवा साताऱ्याला गेले आहेत' एवढेच ठाऊक असेल, तर पुणेही सिद्ध होत नाही आणि साताराही नाही. दोन्ही नाकारले की मूळ विधानाशीच विरोध उद्भवतो. हॉर्न विधानांपुरता हा धोका नसतो.

कीथ क्लार्क यांनी वेगळी वाट धरली. प्रोग्रॅम लिहिणारा 'तर' लिहितो, पण त्याच्या मनात 'तर आणि तरच' असते, असे त्यांचे म्हणणे. नियमांची अशी 'पूर्ती' केली आणि भिन्न नावे भिन्न वस्तूंची मानली, की सिद्धतेच्या सांत अपयशातून मिळालेला निषेध त्या पूर्तीतून तर्कशुद्धपणे निष्पन्न होतो, हे त्यांनी दाखविले. 'सांत' हा शब्द येथे कळीचा आहे. शोध अनंत फेऱ्यांत अडकला, तर होकार नाही आणि नकारही नाही.

आणखी एक अट त्यांनी घातली, ती अनेकांच्या नजरेतून निसटते. समजा, राम विद्यार्थी आहे आणि श्याम विवाहित आहे, एवढीच माहिती आहे. 'क्ष विद्यार्थी आहे आणि क्ष विवाहित नाही' असे विचारल्यास राम हे उत्तर येते. क्रम उलटा केला, तर प्रोलॉग प्रथम कोणीही विवाहित सापडतो का ते पाहते. श्याम सापडतो, निषेध फसतो आणि उत्तर 'नाही' असे येते. तर्कशास्त्रात 'आणि'च्या दोन बाजूंची अदलाबदल निरुपद्रवी असते. येथे तिने उत्तरच बदलले. म्हणून चलाला निश्चित मूल्य मिळाल्यावरच निषेध तपासावा, असा क्लार्क यांचा दंडक होता. प्रोलॉगच्या बहुतेक अंमलबजावण्यांनी तो वेगासाठी पाळला नाही, आणि याचा भुर्दंड विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी भरला आहे.

भारतीय वाचकाला येथे भाट्ट मीमांसकांचे 'अनुपलब्धी' हे प्रमाण आठवणे स्वाभाविक आहे. भूतलावर घट दिसत नाही, म्हणून घटाचा अभाव कळतो; परंतु घट असता तर तो दिसलाच असता, ही योग्यता आवश्यक. अंधारातील अदर्शन प्रमाण नव्हे. क्लार्क किंवा रायटर यांच्यावर या विचाराचा प्रभाव होता असे सुचविण्याचा हेतू नाही. अट मात्र तीच आहे.

नागरिकत्वाचा कायदा

या चर्चेचे सामाजिक मोल १९८६ साली प्रकट झाले. मारेक सर्गो, कोवाल्स्की आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा प्रोलॉगच्या नियमांत उतरविला. त्यातील एक कलम टाकून दिलेल्या नवजात अर्भकाविषयीचे आहे : उलट काही सिद्ध न झाल्यास ते मूल ब्रिटनमध्ये, नागरिक वा स्थायिक मातापित्याच्या पोटी जन्मले असे मानावे. येथे कायद्यानेच अपयशाधारित निषेध सांगितला आहे, आणि तो मुलाच्या बाजूने. उद्या उलट पुरावा मिळाला, तर निष्कर्ष मागे घ्यावा लागेल. अभिजात तर्कात नवी माहिती जुना निष्कर्ष रद्द करीत नाही, येथे करते. परंतु तोच निषेध अन्य कलमांत आंधळेपणाने वापरला, तर पित्याचा दाखला न सापडणे म्हणजे पिता नागरिक नसणे, असा अर्थ होईल. एका कलमात निराधार अर्भकाला आधार देणारी युक्ती दुसऱ्या कलमात माणसाचा हक्क हिरावू शकते. दोहोंतील फरक यंत्राला कळत नाही. तो नियम लिहिणाऱ्याने करावयाचा असतो.

पुढील मतभेद

क्लार्क यांच्या पूर्तीलाही तडे होते. 'प नसेल तर प' या नियमाची पूर्ती विसंगत ठरते. १९८८ साली ॲप्ट, ब्लेअर व वॉकर यांनी नियमांची स्तरांत विभागणी सुचविली, म्हणजे निषेध नेहमी खालच्या, आधीच निकाली निघालेल्या स्तराचाच करावा. त्याच वर्षी गेलफाँड व लिफ्शिट्झ यांनी 'स्थिर प्रतिमाना'ची कल्पना मांडली. 'क नसेल तर ख' आणि 'ख नसेल तर क' या जोडीला त्यांच्या मते दोन स्वीकार्य अर्थ आहेत. व्हॅन गेल्डर, रॉस व श्लिप्फ यांच्या मांडणीत, जी १९९१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली, क आणि ख दोन्ही अनिश्चित राहतात. पहिल्या मतातून पुढे उत्तरसंच प्रोग्रॅमिंग ही स्वतंत्र शाखा उभी राहिली. दुसऱ्याने 'खरे' आणि 'खोटे' यांच्या शेजारी 'ठाऊक नाही' या उत्तराला जागा दिली. नागरिकत्वासारख्या प्रश्नात प्रस्तुत लेखकाला हे तिसरे उत्तर अधिक प्रामाणिक वाटते, जरी कोणत्याही कार्यालयाच्या नमुना-अर्जात त्यासाठी रकाना नसला तरी.