काल आला की काळ आला?

शनिवार-रविवारी आमच्या तिकोणा पेठेत गड चढायला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण "तिकोना कुठे आहे?" असं विचारतात. त्यांचा दोष नाही. रोमन लिपीत 'न' आणि 'ण' दोघांनाही एकच एन. लोणावळ्याचं तर त्याहून वाईट. तिथे 'ण' गेला आणि 'ळ'ही गेला.

हे दुखणं चारशे वर्षं जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि येशूची कथा त्यानं ओवीत रचली. सुमारे ११ हजार ओव्यांचं त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, पण अक्षरं रोमन! इथल्या लिपीचे खिळे पाडायची परवानगी त्यानं १६०८ मध्ये पत्र लिहून रोमकडे मागितली होती. ते जमलं नाही.

मग हाताशी होतं त्यातच भागवणं आलं. त्यानं सोपी युक्ती केली. एक टी म्हणजे 'त', दोन टी म्हणजे 'ट'. एक एल म्हणजे 'ल', दोन एल म्हणजे 'ळ'. 'ड' आणि 'ण'चंही तसंच. 'श'साठी पोर्तुगीज वळणाचा एक्स. नवा खिळा एकही लागला नाही! अर्थात 'अन्न'सारखा खरोखरच जोड 'न'चा शब्द आला की पंचाईत, पण सोय म्हटली की किंमत आलीच. गोव्यातली रोमी कोकणी आजही याच वळणानं लिहितात.

ज्याला स्वतःच भाषा रचायची आहे, त्याला तरी मोकळं रान असेल ना? तेही नाही. झामेनहोफनं १८८७ मध्ये वॉर्सात एस्परांतो जाहीर केली. एका ध्वनीला एक अक्षर, म्हणून त्यानं काही अक्षरांना टोप्या घातल्या. पण टोपीवाले खिळे सगळ्या छापखान्यांत कुठून असणार? शेवटी टोपीऐवजी पुढे एच जोडायची सवलत त्यालाच द्यावी लागली.

थोडक्यात, भाषा आईकडून आलेली असो की घरी बनवलेली, तिचं स्पेलिंग खिळ्यांच्या पेटीपाशीच ठरतं.

आता ती पेटी आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. परदेशात वाढलेली आमच्या घरची मुलं मराठी लिहितात ती रोमनमध्येच. "काका काल आला" असा निरोप येतो आणि तो "काका, काळ आला" असाही वाचता येतो! हसू येतं खरं. पण ज्या मुलानं 'ळ' कधी लिहिलेला पाहिलाच नाही, त्याच्या तोंडी तो राहणार कसा? ऐकून राहील म्हणाल, तर घरात मराठी बोलणारं माणूस आहे तोवरच.

मोबाइलवर देवनागरी आता फुकट मिळते, ती वापरा. नाहीच जमलं तर मंडळी, निदान 'ळ'साठी दोन एल तरी लिहा. युक्ती जुनी आहे, पण चालते.