सुरतेच्या मांडवात कीचकवध

२७ डिसेंबर १९०७ ची दुपार. तापीकाठी, फ्रेंच गार्डनमधल्या काँग्रेसच्या मांडवात तुम्ही चेंगरून उभे आहात. शेजारी पुण्याचा एक विद्यार्थी. काल मवाळ पुढारी सुरेंद्रनाथ बॅनर्जींचं भाषण बंद पाडताना बसलेला त्याचा घसा अजून सुटलेला नाही. तरी तो विचारतोच, ‘‘खाडिलकरांचं कीचकवध पाहिलंत का?’’

तुम्ही ते पुस्तकात वाचलंय. त्यानं याच वर्षी रंगमंचावर पाहिलंय, आणि कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे देश, भीम जहाल नि धर्मराज मवाळ, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. (१९१० साली सरकार नाटकावर बंदी घालेल, पत्रकार चिरोल इंग्रज वाचकांना हेच कोडं फोडून दाखवेल. त्याला आत्ता सांगू नका, छाती फुगेल.)

नाटकात अज्ञातवास उघडा पडला तर पांडवांना पुन्हा बारा वर्षं वनवास. म्हणून कुळाचा शब्द राखायला धर्मराज सैरंध्री झालेल्या द्रौपदीलाच कीचकाचा जाच सोसायला सांगतो. त्याग तिनं करायचा, अब्रू घराण्याची राहायची! थोरल्या भावाचा हा थंड शहाणपणा ऐकून पिटातली माणसं चुळबुळतात, आणि भीम उठला की नाट्यगृह डोक्यावर घेतात. रूपकाचं कौतुक फार झालं. खरी गोम ही की, भांडण द्रौपदीच्या दोन नवऱ्यांतलं आहे.

मांडवात गलका होतो. अध्यक्ष रासबिहारी घोष बोलायला उभे राहिलेत. आपल्यालाही बोलायचंय अशी चिठ्ठी टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवींना धाडली होती. उत्तर आलं नाही. टिळक सरळ व्यासपीठावर चढतात. ‘नियमात बसत नाही’ असं ऐकल्यावर हाताची घडी घालून तिथंच ठाण मांडतात.

तुमच्या डोक्यावरून काहीतरी जातं. लाल कातड्याचा, टोकदार चोचीचा जोडा! तो सुरेंद्रनाथांना चाटून फिरोजशहा मेहतांवर आदळतो. मग खुर्च्या, काठ्या, फेटे. काहीजण टिळकांवर धावून जातात, आणि मवाळ गोखले दोन्ही हात पसरून टिळकांना पाठीशी घालतात. गोखले! १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, त्याच्याही आधीपासून या दोघांचं बिनसलेलं.

‘‘धर्मराज मध्ये कशाला कडमडला?’’ पोरगा वैतागतो. नाटकात असा प्रवेश नाही, आणि टाळी कुणाला द्यायची हे त्याला कळेनासं झालंय.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. सात महिन्यांत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होईल. जहाल-मवाळ १९१६ साली लखनौला एकत्र बसतील, पण गोखले त्याच्या आदल्याच वर्षी गेलेले असतील. सांगायला तोंड उघडता, तोवर पोलीस मांडव रिकामा करायला आत घुसतात. पोरगा मात्र एका पायानं अनवाणी असलेल्या एका गृहस्थांना मोठ्या अदबीनं वाट करून देण्यात गुंतलाय.