राजधानीतले संग्रहालय आणि पुरुषोत्तमनगरचे मूल

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले पुरुषोत्तमनगर महाराष्ट्राला ठाऊक आहे ते सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याच्या पत्त्यामुळे. इथून राज्याची राजधानी सुमारे ४०० किलोमीटरवर. या भागातल्या मुलाची मुंबईशी पहिली भेट बहुधा शाळेच्या सहलीत होते, नाहीतर नातलगांकडच्या मुक्कामात. त्या धावपळीत गेटवे, राणीची बाग, तारांगण यांच्याबरोबर एखादे संग्रहालयही उरकले जाते. ‘तिथे मुलांना नेण्यासारखे आहे का?’ असे पालक विचारतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तिकीट, स्वच्छतागृह, डबा खायला सावली आणि हात लावता येतील अशा चार वस्तू असतात. या सोयी हव्यातच. पण मुंबईतल्या संग्रहालयांचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास नीट पाहिला, तर त्याहून मोठी एक अट दिसते. मूल घरून, शिवारातून जी ओळख बरोबर घेऊन येते, तिला जिथे जागा मिळते ते संग्रहालय मुलाचे होते. मूल कोरे येते असे धरून मांडलेले दालन कितीही रंगवले तरी परकेच राहते. आणि राजधानीपासून मूल जितके दूरचे, तितकी ही अट महत्त्वाची.

मुंबईतले पहिले सरकारी संग्रहालय मुलांसाठी सोडाच, सामान्य माणसांसाठीही योजलेले नव्हते. १८५५ मध्ये पॅरिसला भरलेल्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून माल आणि कारागिरीचे नमुने गोळा केले गेले. त्यांच्या जोडनमुन्यांतून फोर्टमधल्या बराकीत हा संग्रह उभा राहिला. इलाख्यात काय पिकते, काय बनते, काय विकता येईल, हे व्यापाऱ्याला आणि अंमलदाराला कळावे हा त्यामागचा हेतू. १८५७ च्या उठावात लष्कराला बराक हवी झाली, तेव्हा सगळा संग्रह घाईने टाउन हॉलमध्ये हलवला गेला. पुढे भायखळ्याला स्वतंत्र इमारत बांधायचे ठरले. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड होते. १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम’ लोकांना खुले झाले. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. म्हणजे आरंभी गावे या संग्रहालयात आली ती मालाच्या रूपाने. वस्तू बनवणारा माणूस आणि त्याचे मूल प्रेक्षक म्हणून येतील, हा विचार मांडणीच्या मुळाशी नव्हता.

तरीही माणसे आली, आणि पोराबाळांसह आली. इमारत राणीच्या बागेला लागून होती, म्हणून बागेत फिरायला आलेली कुटुंबे आत शिरत. भारतातल्या संग्रहालयांची पाहणी करून एस. एफ. मार्कहॅम आणि एच. हारग्रीव्हज यांनी १९३६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या सामान्य लोकांची गर्दी हे इथल्या संग्रहालयांचे ठळक वैशिष्ट्य ठरले होते. ही गर्दी नुसती मौजेसाठी येते, तिला काही समजत नाही, असा आक्षेप त्या काळच्या शिकल्यासवरल्यांनी अनेकदा घेतला. पण भायखळ्याच्या दालनांतला बदलच त्याला उत्तर देतो. जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स विसाव्या शतकाच्या आरंभी या संग्रहालयाचे अभिरक्षक झाले. त्यांच्या आणि पुढे अर्नेस्ट फर्न यांच्या काळात मातीच्या छोट्या बाहुल्या, देखावे, मुंबई बेटांचे नकाशे यांची भर पडत गेली. वीतभर उंचीची माणसे आपापल्या धंद्यात गुंतलेली. नुसत्या पगड्या-पागोट्यांची मातीची शिरे ओळीने मांडलेली, आणि बांधणीवरून कोण कुठल्या जातीजमातीचा ते कळावे अशी योजना. माणसांची अशी वर्गवारी साम्राज्याच्या नजरेतूनच झाली होती, हे विसरू नये. पण पाटी न वाचता येणाऱ्या बाईला किंवा पाच वर्षांच्या मुलाला त्या कपाटापाशी ‘हा आपल्यासारखा’ असे म्हणता येत होते. मालाच्या बरण्यांपुढे तसे म्हणायला काहीच नव्हते.

मूल ओळख घेऊन येते म्हणजे काय, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरणही मुंबईचेच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दहा-बारा वर्षांच्या सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीची चिमणी अशी नसते, म्हणून ती कोणती हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी पोराला वाटेला लावले नाही. त्यांनी चिमणी ओळखून दिली आणि पेंढा भरून जपलेल्या पक्ष्यांचे कप्पे एकामागून एक उघडून दाखवले. पुढे १९२६ मध्ये हेच सलीम अली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याते झाले. या प्रसंगात बालस्नेही म्हणावी अशी एकही सोय नाही. ना खेळणी, ना रंगीत फलक, ना मुलांच्या उंचीची कपाटे. होता तो एवढाच व्यवहार की मुलाच्या हातातली वस्तू संग्रहातल्या शेकडो वस्तूंच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगी मानली गेली. सलीम अली मुंबईकर होते, सुस्थितीतल्या कुटुंबातले होते, म्हणून त्यांना ते दार गाठता आले, हेही खरे. पण त्यावरून मिलर्ड यांची रीत चुकीची ठरत नाही. ती किती थोड्या मुलांपर्यंत पोचली, एवढेच कळते.

१९७० नंतर मुलांसाठी वेगळी जागा हवी हा विचार रुजला. वरळीला नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात १९७९ च्या बालकवर्षात मुलांचे विज्ञान उद्यान उघडले आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी केंद्राचे रीतसर उद्घाटन झाले. ‘हात लावू नका’च्या जागी ‘हात लावून पाहा’ आले, ही या देशातल्या संग्रहालयांच्या दृष्टीने मोठी गोष्ट. १९२२ मध्ये खुल्या झालेल्या त्याच प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारातही २०१९ मध्ये मुलांचे स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. अशाने संग्रहालयाची जत्रा होईल, विद्या उथळ होईल, असा एक आक्षेप आहे. त्यात तथ्य इतकेच की बटण दाबून दिवा पेटवणारे प्रत्येक मूल विचार करतेच असे नाही. मात्र काचेमागच्या मूर्तीसमोरून रांगेत पुढे सरकणारे मूलही विचार करत नसते. फरक पडतो तो प्रश्नाने. राणीच्या बागेत संग्रहालयाच्या अंगणात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. तो १८६४ च्या सुमारास इंग्लंडला न्यायचा घाट होता, तेव्हा उचलताना पडून फुटला. तुकडे बागेत आणून ठेवले गेले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. हत्तीला जोड कुठे आहेत ते शोधायला सांगितले, की मुलाला त्याचा सगळा प्रवास विचारावासा वाटतो. त्याला यंत्र लागत नाही, सांगणारा माणूस लागतो.

आता पुरुषोत्तमनगरच्या मुलापाशी काय आहे ते पाहू. तालुक्यातच, तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. यात्रेकरू त्याला दक्षिण काशी म्हणतात. १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. रंगवलेली खापरे मिळाली, गारगोटीसारख्या दगडाची बारीक पाती मिळाली. तापीकाठच्या नांगरटीत खापर वर येते हे इथल्या मुलाला कुणी शिकवावे लागत नाही. नंदुरबार शहरात ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात पडलेला शिरीषकुमार मेहता तर पंधरा वर्षांचा होता. याच शहाद्यात १९७० च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने भिल्ल शेतमजुरांच्या जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न उभा केला. आणि घरोघरी ऊस आहे. बेणे, लागण, तोड, मोळी, वजनकाटा, गाळप हा सगळा क्रम इथले मूल पाहून पाहून शिकते. राजधानीत या मुलाला विचारायला हवे ते हे, की तुमच्या नदीकाठी अशी खापरे मिळतात का, तुमच्याकडचा कोयता या कपाटातल्या विळ्याहून वेगळा कसा. फलकांवर गावाचे, तालुक्याचे नाव ठळक लिहिणे ही फार लहान सुधारणा आहे, पण तिच्यावाचून नंदुरबारचे मूल आपले काही तिथे आहे की नाही हे शोधूही शकत नाही.

इथे सर्वांत जड आक्षेप येतो. ज्या घरात दिवसाची मजुरी बुडणे परवडत नाही, तिथे राजधानीच्या संग्रहालयाची चर्चा कशाला? शाळांच्या सहली निघतात त्या मुख्यतः डिसेंबर-जानेवारीत, एसटीच्या सवलतीच्या भाड्यात. आणि उसाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. नंदुरबारची कितीतरी आदिवासी कुटुंबे त्याच महिन्यांत मुकादमाची उचल घेऊन टोळीने तोडीला जातात, बारडोलीकडच्या दक्षिण गुजरातेतल्या कारखान्यांच्या फडांतही जातात. मुले बरोबर कोपीत असतात. म्हणजे ज्या मुलाला ऊस सर्वांत जवळून ठाऊक, तेच सहलीच्या यादीत नसते. आक्षेप खरा आहे, म्हणूनच तो संग्रहालयाविरुद्ध न वापरता वेळापत्रकाविरुद्ध वापरला पाहिजे. काही सहली हंगाम संपल्यावर काढणे, साखरशाळेतल्या मुलांची नावे त्यांत धरणे, याला नवी इमारत लागत नाही. श्रमिकांच्या मुलांना आधी भाकर, मग संस्कृती, असा क्रम लावणारे विसरतात, की सुखवस्तू घरांत हा क्रम कुणी पाळत नाही. तिथे दोन्ही एकदम मिळते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. मुलाला आपलेच गाव दाखवायचे तर मुंबईला न्यावे कशाला? संग्रहालयाचे काम दूरचे, न पाहिलेले दाखवण्याचे. हे काम कुणीच नाकारत नाही. पण सलीम अली एका चिमणीवर थांबले नाहीत, तिच्यामुळे त्यांना सगळ्या देशाचे पक्षी दिसले. प्रकाशे इथले खापर ज्याने ओळखले, तो सिंधू संस्कृतीच्या रांजणापुढे अधिक वेळ उभा राहील, कारण तुलना करायला त्याच्यापाशी एक बाजू तयार आहे. मोबाइलवर सगळे दिसते, या म्हणण्यालाही हेच उत्तर. पडद्यावर आकार दिसतो, पण जाडी, ओबडधोबडपणा, घडवणाऱ्याच्या बोटाचा ठसा हे खऱ्या वस्तूपुढेच जाणवते, आणि हाताने काम करणाऱ्या घरातले मूल तेच आधी हेरते.

शेवटी एक गोष्ट इतिहासच सुचवतो. वस्तू गावांतून राजधानीत गेल्या, मग माणसे गेली, आता राजधानीने निघायचे आहे. त्याची सुरुवात झालीही आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून संग्रह घेऊन मुंबईबाहेर जाऊ लागली. मात्र बसने फक्त आणून दाखवले तर जुनाच एकतर्फी व्यवहार उलट दिशेने चालेल. तिने इथले ऐकून आणि नोंदवून न्यायला हवे. जवळची उदाहरणे आहेत. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाने १९२७ पासून खानदेशात राहूनच संग्रह सांभाळला. सीमेपलीकडे तेजगढला आदिवासी अकादमीने आदिवासींच्या आवाजाचे संग्रहालय उभे केले. पुरुषोत्तमनगरलाही कारखान्याच्या परिसरात एक खोली पुरेल. तिथे उसाचा कोयता आणि वजनकाट्याची पावती असावी, सभासद शेतकऱ्याचा भाग-दाखला असावा, तोडणी मजुराच्या उचलीचा हिशेब असावा, आणि यांतले एकही दुसऱ्याच्या सोयीसाठी गाळलेले नसावे. सहकाराचे यश आणि मजुराचा लढा एकाच भिंतीवर लावायला धैर्य लागेल, पण मुलांना खरे सांगायचे तर दुसरा मार्ग नाही. ती खोली पाहून जे मूल मुंबईला जाईल, ते पाहुणा म्हणून जाणार नाही. महाराष्ट्राच्या संग्रहात आपलाही वाटा आहे हे त्याला ठाऊक असेल, आणि तो कुठे ठेवला आहे असे ते विचारेल. राजधानीतली संग्रहालये मुलांची झाली की नाही, हे त्या प्रश्नाला तिथे काय उत्तर मिळते यावरून ठरवावे.