नॉर्थ विल्क्सबरो : तारखा गेल्या, ट्रॅक उरला

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ब्ल्यू रिज डोंगररांगांच्या पायथ्याशी विल्क्स काऊंटी हा निमग्रामीण परगणा आहे. तेथील 'नॉर्थ विल्क्सबरो स्पीडवे' हा ट्रॅक स्टॉक कार शर्यतींच्या इतिहासातील सर्वात जुन्या ट्रॅकपैकी एक मानला जातो. जेमतेम एक किलोमीटर परिघाच्या या ट्रॅकने या खेळाचा जन्म पाहिला, भरभराट पाहिली आणि पुढे बाजारपेठेच्या गणितात स्वतःचा बळी जातानाही पाहिला. संपला म्हणून सोडून दिलेला हा ट्रॅक पाव शतकानंतर पुन्हा गजबजला, हे त्याचे वेगळेपण.

हातभट्टीचा वारसा

कारखान्यातून सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाहेर पडणारी मोटार म्हणजे 'स्टॉक कार'. अशा मोटारींच्या शर्यतींचे मूळ हातभट्टीच्या दारूच्या वाहतुकीत सापडते. डोंगराळ भागातील शेतकरी मक्यापासून दारू गाळत आणि अबकारी कर चुकवून ती रातोरात शहरांकडे धाडत. त्यासाठी लागणाऱ्या मोटारी बाहेरून साध्या दिसत. आत मात्र ताकदवान इंजिन आणि दारूच्या वजनाने मागची बाजू खाली बसू नये म्हणून भक्कम स्प्रिंगा असत. सरकारी पथकांना हुलकावणी देणारे हे चालक मग आपापसांत पैजा लावू लागले. विल्क्स काऊंटी तर या धंद्याची राजधानीच म्हणून ओळखली जाई.

या पार्श्वभूमीवर एनॉक स्टॅली यांनी काही भागीदारांसह नॉर्थ विल्क्सबरोजवळ ट्रॅक बांधला. मे १९४७ मध्ये तेथे पहिली शर्यत झाली. भांडवल अवघे दीड हजार डॉलरचे होते आणि जमीन सपाट होण्याआधीच ते संपले, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, ट्रॅक उतरता राहिला तो कायमचा. प्रेक्षकांसमोरचा सरळ टप्पा उताराचा आणि पलीकडचा चढाचा, ही रचना इतरत्र क्वचितच आढळते. पहिल्या वळणाकडे मोटार उतारावरून वेगाने झेपावते आणि तिला आवरताना चालकाचा कस लागतो.

'नॅसकार'चा पाळणा

बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये 'नॅसकार' ही संघटना स्थापन झाली. तिची सर्वोच्च मालिका पुढील वर्षी सुरू झाली. त्या पहिल्या मोसमातील आठवी आणि अखेरची शर्यत १६ ऑक्टोबर १९४९ रोजी नॉर्थ विल्क्सबरोच्या मातीच्या ट्रॅकवर रंगली. बॉब फ्लॉक यांनी ती जिंकली. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रॅकवर डांबर आले. पुढे रिचर्ड पेटी यांनी येथे विक्रमी १५ विजय मिळविले.

स्थानिकांच्या गळ्यातील ताईत ठरले ते मात्र ज्युनियर जॉन्सन. याच परगण्यात १९३१ मध्ये जन्मलेले जॉन्सन लहान वयातच वडिलांच्या भट्टीवरील दारू वाहून नेऊ लागले. रस्त्यावर ते पथकाच्या हाती कधी लागले नाहीत. १९५६ मध्ये त्यांना पकडले ते भट्टीवरच. सुमारे ११ महिने तुरुंगात काढून ते ट्रॅकवर परतले आणि ५० शर्यती जिंकून चालक म्हणून निवृत्त झाले. संघमालक या नात्याने त्यांनी सहा अजिंक्यपदेही मिळविली. लेखक टॉम वुल्फ यांनी १९६५ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात त्यांच्यावर लिहिलेल्या लेखाने हा प्रांत आणि हा खेळ देशभर पोहोचविला. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जॉन्सन यांना माफी दिली. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

दोन मालक, दोन तारखा

१९९०च्या दशकात या खेळात दूरचित्रवाणी आणि बड्या प्रायोजकांचा पैसा वाढला. लहान गावांपेक्षा महानगरांची बाजारपेठ महत्त्वाची ठरू लागली. त्यात ट्रॅकपेक्षाही मोलाची वस्तू होती ती वार्षिक वेळापत्रकातील 'तारीख'. नॉर्थ विल्क्सबरोकडे वसंतातली एक आणि शरदातली एक अशा दोन तारखा होत्या.

१९९५ मध्ये स्टॅली यांचे निधन झाले. त्याच वर्षी भागीदार कुटुंबाकडील निम्मा हिस्सा ब्रुटन स्मिथ या बड्या ट्रॅकमालकांनी विकत घेतला. उरलेला निम्मा न्यू हॅम्पशायरमधील ट्रॅकचे मालक बॉब बाहरे यांनी घेतला. दोघांनाही हवी होती ती जागा नव्हे, तारीख. २९ सप्टेंबर १९९६ रोजी जेफ गॉर्डन यांनी येथील अखेरची शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी एक तारीख टेक्सासमधील सुमारे दीड लाख प्रेक्षकांच्या नव्या ट्रॅककडे गेली, दुसरी न्यू हॅम्पशायरकडे. समान हिश्शाच्या दोन मालकांच्या हाती उरला तो रिकामा ट्रॅक.

गावाला हा फटका एकटा बसला नाही. १९८९ मध्ये विल्क्सबरोची 'हॉली फार्म्स' ही कुक्कुटपालन कंपनी 'टायसन'ने विकत घेतली होती. याच गावात जन्मलेल्या 'लोज' या साखळी दुकानांच्या कंपनीनेही २००३ मध्ये आपले मुख्यालय मूर्सव्हिलला हलविले. वर्षातून दोनदा हॉटेले, पेट्रोल पंप आणि दुकाने भरून टाकणारी गर्दी नाहीशी होणे म्हणजे केवळ करमणूक जाणे नव्हते.

पडझड आणि पुनरुज्जीवन

पुढची वर्षे पडझडीची ठरली. डांबराच्या भेगांतून गवत उगवले, गॅलऱ्यांची छपरे कोसळली. 'सेव्ह द स्पीडवे' या नावाने नागरिकांनी मोहीम चालविली. २०१० आणि २०११ मध्ये काही छोट्या शर्यती झाल्या. पण पैशाअभावी दारे पुन्हा बंद झाली.

चित्र पालटले ते अनपेक्षित मार्गाने. डिसेंबर २०१९ मध्ये माजी चालक डेल अर्नहार्ट ज्युनियर आणि ब्रुटन स्मिथ यांचे पुत्र मार्कस यांनी सहकाऱ्यांसह ट्रॅकवरील तण साफ केले. हेतू एवढाच, की संगणकीय खेळासाठी ट्रॅकचे लेझर मापन व्हावे. करोनाकाळात, मे २०२० मध्ये, याच आभासी ट्रॅकवर शर्यत झाली आणि लोकांच्या आठवणी जाग्या झाल्या. त्यानंतर २०२१ मध्ये राज्य सरकारने केंद्राच्या करोना मदतनिधीतून पायाभूत सुविधांसाठी १ कोटी ८० लाख डॉलर मंजूर केले.

ऑगस्ट २०२२ मध्ये शर्यती परतल्या. मे २०२३ मध्ये 'नॅसकार'ची प्रतिष्ठेची ऑल-स्टार शर्यत येथे झाली आणि काइल लार्सन विजयी ठरले. ती धावली १९८१ सालच्या डांबरावर. अशा झिजलेल्या पृष्ठभागावर टायर लवकर उतरतात आणि वेगाइतकाच संयमही जपावा लागतो. २०२४च्या शर्यतीपूर्वी मात्र ट्रॅकवर नवे डांबर घालण्यात आले. त्याच वर्षी गॅलरीखाली सुमारे ७०० चौरस फुटांची पोकळी सापडली. तेथे कधीकाळी हातभट्टी असावी, अशी चर्चा रंगली; पुरावा हाती आला नाही.

२०२५ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकाने एक वर्तुळ पूर्ण केले. १९९६ नंतर प्रथमच अजिंक्यपदाच्या गुणांसाठीची शर्यत नॉर्थ विल्क्सबरोला देण्यात आली, ती १९ जुलै २०२६ची. ज्या तारखेपायी हा ट्रॅक ओस पडला, तीच तारीख त्याला परत मिळाली. ट्रॅकची मालकी कंपन्यांकडे असते. त्याची आठवण मात्र गावाने जपलेली असते. तीस वर्षांनी का होईना, व्यवहाराला त्या आठवणीची दखल घ्यावी लागली, हाच या इतिहासाचा अर्थ.