थिओडोसियसची तटबंदी

थिओडोसियसची तटबंदी ही कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल, तुर्कस्तान) या शहराच्या पश्चिमेची प्राचीन तटबंदी आहे. इतर बाजूंना पाणी असल्याने जमिनीवरून होणाऱ्या हल्ल्याचा सारा भार हिच्यावरच असे. सम्राट दुसरा थिओडोसियस अल्पवयीन असताना, प्रशासक अँथेमियसच्या देखरेखीखाली इ.स. ४१३ मध्ये आतला तट पूर्ण झाला.

इ.स. ४४७ च्या भूकंपात ५७ बुरूज कोसळले. हूणांचा राजा अ‍ॅटिला याचे संकट समोर असल्याने नागरिकांना कामाला जुंपून सुमारे दोन महिन्यांत डागडुजी करण्यात आली.

हल्लेखोरास प्रथम सुमारे २० मीटर रुंदीचा खंदक, मग बाहेरचा तट आणि शेवटी ९६ बुरुजांचा, सुमारे १२ मीटर उंच आतला तट ओलांडावा लागे. तटाच्या दर्शनी बाजूंना चुनखडकाचे घडीव चिरे असून गाभा दगड व चुन्याचा आहे. ठरावीक अंतरावरील विटांचे आडवे पट्टे भिंतीस बांधून ठेवतात.

इ.स. १२०४ मध्ये शहर पडले, ते मात्र समुद्राकडील तटावरून. ही तटबंदी खऱ्या अर्थाने भेदली गेली ती २९ मे १४५३ रोजी. लायकस ओढ्याच्या सखल भागात ओस्मानी सुलतान दुसरा मेहमेद याच्या तोफांनी तिला खिंडारे पाडली होती.