वरसईचे भटजी आणि गदराची हकीकत

2015 साली ‘जेरुझालेम’ नावाचा एक इस्रायली भयपट आला. दोन अमेरिकन मुली हिंडायला जातात आणि नेमका तेव्हाच त्या पुण्यनगरीत प्रलय ओढवतो, मुडदे उठतात. सारे दिसते ते एकीच्या चष्म्यातल्या कॅमेऱ्यातून. ती जिकडे मान वळवील तेवढेच आपण पाहायचे. कुणाचे तरी मागे राहिलेले चित्रण हाती लागले, असा बहाणा करणाऱ्या भयपटांच्या जातीतला तो.

आपल्या मराठीत बहाण्याशिवाय असे एक पुस्तक आहे, आणि त्याची वाट माळव्यातूनच जाते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फिटावे म्हणून 1857 च्या आरंभी काकांबरोबर उत्तरेस निघाले. बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढीच आशा. महूच्या वाटेवर शिपाई भेटले; गदर होणार, माघारी फिरा, म्हणाले. भटजी फिरले नाहीत. एप्रिल 1858 मध्ये झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. लपून जीव वाचवला, गाठीचे गेले.

त्याच काळात आपल्या धारेत काय चालले होते? मे 1857 मध्ये यशवंतराव पवार पटकीने वारले, गादीवर अल्पवयीन आनंदराव आले. ऑगस्टअखेर बंडवाल्यांनी किल्ला घेतला. ऑक्टोबरात इंग्रजी फौजेने वेढा घालून तटाला खिंडार पाडले. 31 च्या रात्री आतले लोक निसटून गेले. संस्थान जप्त झाले, ते 1860 साली परत मिळाले.

गोडसे ऐकीव गोष्टीही खऱ्या म्हणून सांगतात. धर्म बुडवायला इंग्रजांनी काढलेल्या कलमांची त्यांची यादी वाचून इतिहासकार हसतात. मला हसू येत नाही. हानेमानने ‘ऑर्गेनन’मध्ये बजावले आहे की रोग्याची हकीकत रोग्याच्याच शब्दांत उतरवावी. ‘पोटात आगीचा डोंब’ असे रोगी म्हणाला तर मी ते खोडून ‘आम्लपित्त’ लिहीत नाही. माणसे कशाला घाबरली होती, हे त्या यादीवाचून कळणार कसे?

ही हकीकत गोडशांनी पंचवीसेक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिली. वैद्यांनी ती 1907 मध्ये छापली, पण भाषा घासूनपुसून आणि सरकारच्या धाकाने काटछाट करून. (छापली हेच उपकार, हेही खरे.) मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी बाहेर आणली ती 1966 साली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक दुसऱ्याच्या चष्म्यातून गदर पाहत होता.

धार-देवासच्या जुन्या वाड्यांत, थोरल्या पातीच्या काय नि धाकट्या पातीच्या काय, मोडीचे रुमाल अजून निघतात. मोडी येणारी पिढी संपत आली आहे. कुणी ते देवनागरीत उतरवायला बसलाच, तर पणजोबांच्या ऱ्हस्वदीर्घाला आणि भुताखेतांना हात लावू नये, एवढी विनंती.