‘शाहू’ या नांवाची व्युत्पत्ति

छत्रपति संभाजीमहाराजांस इ. स. १६८२ त पुत्र झाला, त्याचें नांव आजोबांवरून शिवाजी असें ठेविलें होतें. तोच पुढें शाहू या नांवानें विख्यात झाला. या दुसऱ्या नांवाविषयीं ग्रँट डफनें दिलेली कथा सर्वश्रुत आहे. १६८९ त रायगड पडल्यावर राजपुत्र मोगलांच्या कैदेंत गेला. तेव्हां आजोबा लुटारू, पण नातू ‘साव’, अशा अर्थानें औरंगजेबानें त्यास हें नांव दिलें, असा तिचा आशय.

ही कथा आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. शहाजहानच्या कारकीर्दीचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी १६५४ त वारला. त्याच्या बादशहानाम्यांत शहाजीराजांचा निर्देश ‘साहू’ असाच येतो. म्हणजे पणतू जन्मण्यापूर्वींच पणजोबांचें नांव मोगली लेखणींत या रूपानें रूढ होतें. पुढें कोणीं त्यावर ‘साव’ असा श्लेष केला असेल. परंतु श्लेष म्हणजे व्युत्पत्ति नव्हे.

मूळ शब्द ‘शाह’. अहमदनगरच्या (आजचें अहिल्यानगर) शाह शरीफ या पिराच्या कृपेनें पुत्र झाले म्हणून मालोजीराजांनीं त्यांचीं नांवें शहाजी व शरीफजी ठेविलीं, अशी परंपरा आहे. शिवाजीमहाराजांच्या संस्कृत मुद्रेंतहि पित्याचें नांव ‘शाह’ असेंच आहे. त्यास आदरार्थी ‘जी’ लागून शहाजी, आणि विठू, दामू यांतल्याप्रमाणें लडिवाळ ‘ऊ’ लागून शाहू, अशीं एकाच नांवाचीं दोन रूपें झालीं, असें आमचें मत आहे.

१७०८ त साताऱ्यास राज्याभिषेक झाल्यावरहि हीं दोन्ही नांवें नांदत होतीं. महाराजांच्या मुद्रेंत ‘शिवराज’, तर पेशव्यांच्या शिक्क्यांत ‘राजा शाहू’. कोल्हापुरास १८८४ त दत्तक आलेल्या यशवंतरावांस शाहू हेंच नांव देण्यांत आलें. शत्रूनें दिलेलें उपनांव म्हणून नव्हे, तर घराण्याचा वारसा म्हणून.

पुण्यांतील दफ्तरें चाळणारांस व खासगी संग्राहकांस यावरून एक सूचना करावीशी वाटते. मितीवांचून असलेल्या कागदांत, विशेषतः फारशी नकलांत, ‘साहू’ दिसतांच तो सातारकर छत्रपतींचा म्हणून नोंदवूं नये. तो शहाजीराजांचाहि असूं शकेल. तसेंच ‘शिवराज’ एवढ्याच अक्षरांवरून शिक्का थोरल्या महाराजांचा ठरवूं नये. मजकुरांतील माणसें, गांवें व अक्षरवळण यांची साक्ष घेतल्यावांचून नांवावर कागदाचा काळ ठरविणें धोक्याचें आहे.